सईचे बाबा

मैदानावर आलेल्या बापाला स्वतःचं नाव उरत नाही. बाहेर तो कितीही मोठा साहेब असो, फाटकातून आत आला की तो आर्यनचे बाबा, श्रावणीचे पप्पा, नाहीतर नुसताच ‘त्या हिरव्या बनियनवाल्याचे वडील’. सईच्या बाबांचं खरं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. बँकेत कर्जाच्या टेबलावर आहेत, राहायला कोथरूडला, मुलगी शंभर-दोनशे मीटर पळते, एवढ्यावर आमची ओळख उत्तम चाललीय. माझ्या फोनमध्येही ते ‘सई 100 मी.’ याच नावानं आहेत.

मी तिथं जातो भाच्याला घेऊन. भाचा गोळा फेकतो. गोळाफेकवाल्यांचे पालक ही मैदानावरची सगळ्यात निवांत जमात. पोरगं हुंकार देतं, गोळा धप्पकन पडतो, माती उडते आणि आम्ही पुन्हा चहाकडं वळतो. गोळ्याला कुणी ‘चल, चल, चल’ म्हणत नाही. त्यामुळं इतरांकडं बघायला आम्हाला भरपूर वेळ असतो आणि इतरांत बघण्यासारखं म्हणजे सईचे बाबा.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. ट्रॅकसूट असा कोरा, की घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही. स्वतः शेवटचे पळाले ते डेक्कन क्वीन पकडायला आणि तीही गेली, असं सईची आई सांगते. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक. ही सॅक मी एकदा उघडलेली पाहिली आहे. वरच्या अंगाला केळी, चेंगरू नयेत म्हणून. त्याखाली खजुराचा डबा, इलेक्ट्रॉलची पाकिटं, मुरगळल्या जागी मारायचा स्प्रे, मोज्यांचे दोन जोड, स्पाईक्सचे खिळे काढायची किल्ली आणि जादा खिळे एका जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत. आतल्या कप्प्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड, सगळ्याच्या पाच-पाच प्रती, साक्षांकित. बाहेरच्या खणात सेफ्टी पिनांचा अख्खा झुपका. चेस्ट नंबरला लागतात चार. ‘पिन ऐन वेळी दगा देते,’ असं ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या शर्टाच्या बटणाकडं जातो.

हा माणूस जन्मतः असा नव्हता. सई तिसरीत असताना शाळेच्या क्रीडादिनाला लिंबू-चमच्यात पहिली आली. लिंबू-चमचा ही खरं तर सावकाश चालण्याची स्पर्धा, पण बाबांना त्यात वेग दिसला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी तिला सरांच्या हवाली केलं.

पहिल्या खऱ्या स्पर्धेत सरांनी तिला चारशे मीटरला उतरवलं. तिला मिळाली पहिली लेन. पहिली म्हणून बाबा खूश. बघतात तर बाकीच्या सातही मुली तिच्या पुढं उभ्या आणि आठव्या लेनमधली तर पार वळणावर. बाबा तडक पंचांकडं.

‘अहो, ही काय पद्धत झाली? त्या मुलीला पन्नास मीटर पुढं उभं केलंय!’

‘53,’ पंचांनी शांतपणे दुरुस्ती केली आणि शिट्टी तोंडात घातली.

वळणावर बाहेरच्या लेनला अंतर जास्त पडतं, म्हणून तिथल्या मुलीला तेवढं पुढून सोडतात, हे बाबांना त्या रात्री समजलं. दुसऱ्या लेनला 7.04 मीटर, पुढच्या प्रत्येक लेनला साधारण 7.67, लेनची रुंदी 1.22. हे आकडे त्यांना आता स्वतःच्या खाते क्रमांकापेक्षा पाठ आहेत. दर मोसमात कुणी ना कुणी नवा बाप त्याच जागी त्याच तावातावानं उभा राहतो आणि सईचे बाबा कुठूनही उगवून त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. ‘या, बसा. मी सांगतो.’ तो बसतो. चारशेची शर्यत संपते, आठशेची संपते, तरी तो तिथंच असतो.

स्टॉपवॉचचं प्रकरण याहून गहन आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत वेळ हातातल्या घड्याळावर मोजतात. अंतिम रेषेवर बसलेले टाइमकीपर पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, धूर बघून बटण दाबतात, कारण आवाजाला शंभर मीटर यायला सेकंदाचा तीन-दशांश भाग लागतो. हे मला बाबांनीच शिकवलं. अडचण एवढीच, की ऐन पिस्तुलाच्या वेळी बाबांचे डोळे मिटलेले असतात. ओठ हलत असतात. कोणत्या देवाला ते साकडं घालतात माहीत नाही, पण धूर काही त्यांना दिसत नाही. आवाज कानावर आला की ते दचकून बटण दाबतात. परिणामी बापाच्या घड्याळात सई कायम जगाच्या थोडी पुढं असते. त्यांच्या डायरीत तिची शंभर मीटरची सर्वोत्तम वेळ 13.7 आहे. पहिल्यांदा फोटो फिनिशच्या कॅमेऱ्यापुढं पळाली तेव्हा कागदावर आली 14.02. ‘हातघड्याळ आणि विजेच्या घड्याळात 0.24 चा फरक धरतातच,’ बाबा म्हणाले. मग उरलेल्या 0.08 चं काय, असं मी विचारलं नाही. बँकेचा माणूस आहे, कुठंतरी तडजोड खाती टाकले असतील.

घरी त्यामुळं दोन वेळा आहेत. एक सईची, एक बाबांची. पाहुण्यांना दुसरी सांगतात.

सर हे प्रकरण जुनं आहे. असे बाप त्यांनी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्या पोरांची पोरंही आता यायला लागलीत. सर बोलत नाहीत. त्यांनी एक दिवस फक्कीचा डबा घेतला आणि ट्रॅकपासून दहा पावलांवर पालकांसाठीसुद्धा एक पांढरी रेघ ओढून दिली. बाकीचे पालक रेघेच्या अलीकडं बसून मोबाइल बघतात. सईच्या बाबांचा एक पाय कायम रेघेवर. सर लांबून नुसते पायाकडं बघतात, पाय मागं जातो. सर वळले की पाय पुन्हा रेघेवर. हा खेळ रोज पहाटे पावणेसहाला सुरू होतो.

सईची आई सुट्टीच्या दिवशीच येते. ती गुलमोहराखाली बसते आणि दर शर्यतीआधी मुलीला एकच प्रश्न विचारते, ‘जाऊन आलीस का?’ मैदानावर दिल्या जाणाऱ्या सगळ्या सल्ल्यांत एवढा एकच उपयोगी पडताना मी पाहिलाय.

आता प्रत्यक्ष शर्यत. शंभर मीटर चौदा सेकंदांत आटोपतात. बाबांना तीन दिवस लागतात. पिस्तूल वाजलं, की ते दोरीच्या कडेनं पळायला लागतात. सॅक पाठीवर आपटतेय, केळ्यांचं काय होतंय ते देव जाणे, आणि तोंडानं ‘हात! हात! गुडघे! मान खाली!’ दोन पावलं मागं दुसरा एक बाप ‘मान वर! वर बघ!’ म्हणून ओरडत असतो. साठ मीटरच्या खुणेपर्यंत दोघांचाही दम संपतो आणि मुली पुढं निघून जातात. सईला मी एकदा विचारलं, ‘यातलं तुला काय ऐकू येतं गं?’ म्हणाली, ‘काहीच नाही काका. शेजारच्या मुलीचे बूट ऐकू येतात.’

खरा त्रास शर्यत संपल्यावर सुरू होतो. सईचे बाबा पराभवानं खचत नाहीत की विजयानं फुगत नाहीत. ते बोध काढतात. कितवीही येवो, संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजच्या शर्यतीनं मला काय शिकवलं’ या मथळ्याचा मजकूर पडतोच. सकाळच्या हीटमध्ये ती झटक्यात सुटली आणि पहिली आली, तेव्हा बोध होता, की आयुष्यात सुरुवात चांगली झाली की निम्मं काम फत्ते. दुपारी फायनलमध्ये ती तशीच सुटली आणि शेवटी मागं पडली. संध्याकाळचा बोध : सुरुवातीला भुलू नये, माणसाची परीक्षा शेवटच्या वीस मीटरमध्ये होते. दोन्ही बोधांना तेच अकरा सभासद हात जोडतात. त्याखाली सेक्रेटरींचा निरोप असतो, की उद्या टाकी धुवायची असल्यानं पाणी आठ वाजता बंद.

ग्रुपवरचं एक वेळ ठीक. सईला मात्र हे सगळं स्कूटरवर मागं बसून, हेल्मेटच्या आतून ऐकावं लागतं. मैदान ते कोथरूड, सगळे सिग्नल धरून.

बोध काढायला दाखले लागतात आणि दाखल्यांच्या बाबतीत बाबांचा अभ्यास थोर आहे. त्यांनी क्रमांकवार माणसं लावून ठेवलीत. सई चौथी आली, की पी. टी. उषा : 1984, लॉस एंजेलिस, चारशे मीटर अडथळा. उषा 55.42, तिसरी आलेली रुमानियाची मुलगी 55.41. हा शंभरावा भाग सांगताना बाबा अंगठा आणि तर्जनी इतकी जवळ आणतात, की मध्ये उजेडसुद्धा राहत नाही. उषा एकदा सांगून झालेली असली, तर मिल्खा सिंग, रोम, 1960. पाचवी आली, की गुरबचनसिंग रंधावा : टोकियो, 1964, एकशेदहा मीटर अडथळ्यात पाचवा. सातवीला श्रीराम सिंग : माँट्रियल, 1976, आठशे मीटरच्या फायनलमध्ये पहिली फेरी त्यानं पुढून नेली आणि आला सातवा. दहावीला आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, रिओ, 2016, स्टीपलचेस. अकरावीला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, पॅरिस, 2024, तीच शर्यत. शंभर मीटरला लेन असतात आठ, त्यामुळं दहावं-अकरावं यायची सोय नाही, पण बाबांची तयारी आहे. एवढंच काय, एकदा सई पिस्तुलाआधी सुटली आणि बाद झाली, तेव्हाही माणूस तयार होता. 2011, देगू, जागतिक स्पर्धा, शंभर मीटरची फायनल : उसेन बोल्ट, चुकीची सुरुवात, बाद. ‘म्हणजे बघ, तू कुणाच्या रांगेत जाऊन बसलीस!’

सई म्हणाली, ‘बाबा, मला शिंक आली होती.’

या माणसाची टिंगल करणं सोपं आहे आणि मी ती गेली काही पानं मनसोक्त केली. पण मैदानावर याहून वाईट बाप असतात. निकालाच्या पाटीसमोर पोराच्या थोबाडीत देणारे मी पाहिलेत. चौदा वर्षांखालच्या हीटला मिसरूड फुटलेलं पोर उभं करून दाखला पुढं करणारे पाहिलेत. दाखल्यावर शिक्का असतो, तारीख असते आणि पोर शर्यतीआधी दाढीवरनं हात फिरवत असतं. काही जणांचा डोळा दहावीच्या सवलतीच्या गुणांवर असतो. त्यांचा हिशेब रोकडा. गुण पडले, की पोरगं पुन्हा मैदानावर दिसत नाही. सईच्या बाबांच्या फोल्डरमधला जन्मदाखला खरा आहे. सई डिसेंबरातली. जानेवारीत जन्मली असती तर खालच्या गटात आणखी एक वर्ष मिळालं असतं, याची हळहळ ते सईच्या आईजवळ व्यक्त करतात, जणू डॉक्टरांनी तारीख विचारली तेव्हा तिनंच घाई केली. पण दाखल्याला हात लावायचा त्यांच्या मनातही येत नाही.

तर गेल्या मोसमातली विभागीय स्पर्धा. सई शंभरच्या फायनलला पोचली, चौथ्या लेनमध्ये. शर्यतीआधी मुलींना गोळा करतात त्या कॉल रूममध्ये पालकांना सोडत नाहीत, म्हणून बाबांनी सॅकच तिच्याकडं दिली. वीस मिनिटांनी मुली रांगेनं बाहेर आल्या. पिस्तूल वाजलं, बाबांनी दचकून बटण दाबलं, दोरीच्या कडेनं साठ मीटर पळाले आणि शर्यत संपली. पाचव्या लेनमधली सोलापूरकडची एक काटक मुलगी सरळ रेषेत आली आणि छाती टाकून पहिली गेली. सई सहावी.

आठात सहावी. मागं दोघी.

बाबा निकालाच्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते. मग आमच्या गोळाफेकीच्या कोपऱ्यात येऊन बसले, जे ते कधी करत नाहीत. ‘सहाव्याला कुणी नाहीये हो,’ ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. मग प्रकाश पडला. चौथा, पाचवा, सातवा, दहावा, अकरावा, सगळ्या जागा भरलेल्या. सहावी मात्र रिकामी.

मला आठवलं ते सांगितलं. ‘अंजू बॉबी जॉर्ज. अथेन्स, 2004. सहावी आली होती.’

बाबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. ‘ती लांब उडी झाली. शिवाय...’ त्यांनी फोनमध्ये बोट फिरवलं. ‘शिवाय पाचवी आलेली मॅरियन जोन्स पुढं उत्तेजकांच्या प्रकरणात बाद झाली. तिचे निकालच रद्द. अंजू पाचवी झाली. ती गेली वर.’

तेवढ्यात सई आली. हातात ओली भेळ, कागदाचा चमचा, आणि सोबत ती सोलापूरकडची मुलगी. दोघी एकाच पुडीतून खात होत्या. बाबांची नजर त्या मुलीच्या छातीवरच्या नंबराकडं गेली. बाकीच्यांच्या पिना चंदेरी असतात. या नंबरच्या वरच्या दोन चंदेरी आणि खालच्या दोन काळ्या. काळ्या पिना बाबा लक्ष्मी रोडवरून मुद्दाम आणतात, कारण त्या गंजत नाहीत.

‘सई, या पिना...’

‘अरे बाबा, हिच्याकडं दोनच होत्या. कागद खालून फडफडत होता. कॉल रूममधले सर म्हणाले, असं चालणार नाही. मग दिल्या.’

विजेतीनं बाबांना वाकून नमस्कार केला आणि पिना काढायला हात घातला. ‘राहू दे, राहू दे बाळा,’ बाबा घाईनं म्हणाले. ‘तुझी रिले आहे ना अजून.’ मग हातातल्या स्टॉपवॉचकडं पाहिलं. एरवी इथं एखादा उत्तम बोध येऊन पडायला हरकत नव्हती. दानाचा, खिलाडूवृत्तीचा, दैवगतीचा, काय हवा तो. मी वाट पाहत होतो. बाबांनी सॅकमधून केळी काढली, दोघींना एकेक दिली, एक मला दिलं आणि एक स्वतः सोललं. केळी पुरती चेंगरलेली होती.

‘चेहरा असा का केलाय?’ सईनं विचारलं.

मीच सांगितलं, सहाव्या क्रमांकाला माणूस मिळत नाहीये म्हणून. अंजू बॉबी जॉर्जची गोष्टही सांगितली. सईनं भेळेचा शेवटचा चमचा मैत्रिणीपुढं केला आणि म्हणाली, ‘मग थांबू की आपण. पुढचं कुणीतरी बाद होईल.’

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काही आलं नाही. आठच्या सुमारास सेक्रेटरींनीच ‘आजच्या शर्यतीचं काय झालं?’ म्हणून विचारलं, असं नंतर कळलं. बाबांनी उत्तर दिलं, ‘सहावी.’ एवढंच. त्याला तेवीस जणांनी हात जोडले, जो आजवरचा उच्चांक आहे.

ही शांतता टिकली असं मात्र कुणी समजू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी सईला धावण्याबरोबर लांब उडीलाही घातलं. तिची धाव चांगली आहे आणि फळीवर पाय बरोबर पडतो, असं त्यांचं म्हणणं. उडीच्या खड्ड्याला लागूनच आमचा गोळाफेकीचा कोपरा, तेव्हा सईचे बाबा आता रोज आमच्या शेजारी असतात आणि आमच्या चहाचं पार वाटोळं झालंय. फळी 20 सेंटिमीटर रुंद असते, वारा पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत, वाळू ओली हवी, हे सगळं आमचं पाठ झालंय. वारा ते रुमाल धरून बघतात. सईची उडी अजून चार मीटरच्या आत पडते. बाबांनी 50 मीटरची टेप घेतली आहे.